सतरा नंबरची घडी

स्टोअरला तीन बाजूंनी जाळी आणि चौथीकडे भिंत. जाळीला एक खिडकी, खिडकीला फळी, फळीवर रजिस्टर. सकाळी सातला मी आत जाऊन कडी लावते आणि शेवटचा पट्टा परत येईपर्यंत ती काढायची नाही, असा नियम आहे. नियम माझ्या भावाचा. तो इथला मुकादम. "पट्टे बाहेर असले की तू आत," म्हणाला होता, "नाहीतर कुणीही येईल, कुठलाही पट्टा उचलेल आणि बोंब माझ्या नावानं होईल." मी मान डोलावली. एका जागी बसण्याचं मला नवल नव्हतं. वीस वर्षं मी शिवणाच्या दुकानात मशीनमागे बसले होते. दुकान बंद पडलं तेव्हा दादानंच मला इथं चिकटवलं.

इथं म्हणजे धान्याच्या सायलोंपाशी. काँक्रीटचे सहा गोल मनोरे, एकेक चाळीस मीटर उंच, आत धान्य आणि बाहेर शिड्या. त्यांचं रंगकाम आणि डागडुजी चालू आहे. वर जाणारा प्रत्येक माणूस माझ्या खिडकीशी येऊन पट्टा घेतो. खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती जाणारा पट्टा, पाठीवर लोखंडी कडी, कडीला दोरी, दोरीच्या टोकांना दोन हुक. शिडी चढताना एक हुक सोडायचा तर दुसरा आधी अडकवायचा. छत्तीस पट्टे, छत्तीस खुंट्या. सदतिसावी खुंटी लाल रंगाची, बाद झालेल्या पट्ट्यासाठी.

माझ्या खिडकीतून मनोऱ्याचा खालचा दोन पुरुष उंचीचा भाग तेवढा दिसतो, त्याच्या वरचं काही दिसत नाही. पण सकाळी मनोऱ्याची सावली अंगणात पडते आणि त्या सावलीच्या कडेला माणसांच्या सावल्या दिसतात, दोऱ्याला पडलेल्या गाठींसारख्या. त्यातली एक गाठ म्हणजे आमचे हे. हे रंगारी. जमिनीवर चालताना खांदे पाडून चालतात, वर गेले की ताठ होतात.

माझं एक रोजचं व्रत आहे. पहाटेची प्रार्थना झाली की मनाशी ठरवायचं, आज कुणासाठी तरी एक काम करीन, ज्याचं केलं त्याला कळू देणार नाही आणि केल्यावर विसरून जाईन. मावशीनं लावलेली सवय. ती म्हणायची, "सांगितलंस की अर्धं गेलं, आठवत बसलीस की उरलेलं गेलं." तीस वर्षांत मोठं असं काही माझ्या हातून झालेलं नाही. कुणाचं सुटलेलं बटण लावलं, कुणाची पाण्याची बाटली भरून ठेवली, कुणाचा भिजलेला हातमोजा वाळत टाकला. असंच.

तीन आठवड्यांपूर्वीची एक संध्याकाळ. पट्टे परत येत होते. मी प्रत्येक पट्टा दोन्ही हातांत धरून कमानीसारखा वाकवते, म्हणजे तंतू तुटले असतील तर उभे राहतात. मग बोटं पट्टीवरून सावकाश सरकवत नेते. कड्या बघते, बकल ओढून बघते, हुकाची जीभ आपोआप मिटते ना ते बघते. जळल्याची खूण, रसायनाचा डाग, कापल्याची रेघ. हे सगळं दादानं पहिल्या दिवशी अर्ध्या तासात शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी एका पट्ट्याच्या खांद्याच्या पट्टीवर, पाठीकडच्या अंगाला, एक घडी उसवलेली दिसली. अशी घडी सगळ्याच पट्ट्यांना असते. पट्टी दुमडून बारीक टाक्यांनी बसवलेली. मला ती नेहमीच कच्ची वाटायची. दोरा पातळ, टाके लांब, झग्याला चुण्या घालायच्या आधी आपण धावदोरा घालतो तसे. आतून बोटभर लाल लेबल बाहेर आलं होतं, त्यावर मला न वाचता येणारी अक्षरं. लेबल कसं आत हवं. बाहेर लोंबणारं लेबल म्हणजे शिवणाऱ्याचा आळस. मुख्य शिवणी मी नीट पाहिल्या, त्या जशाच्या तशा होत्या. मग डब्यातून सुई काढली, दोऱ्याला मेण लावलं, लेबल आत सरकवलं आणि जुन्याच भोकांतून टाके घातले. दोरा काळ्यात काळा. दहा मिनिटं लागली असतील. उद्या कुणाला तरी नीटनेटका पट्टा मिळेल, एवढं मनात आलं. पट्टा खुंटीला लावला आणि ठरल्याप्रमाणे विसरले. नंबर पाहिला नाही, कारण पाहिला असता तर आठवला असता.

त्याच दिवशी घरी ह्यांच्या दोन्ही मांड्यांवर हिरवेनिळे वळ दिसले. "जिन्यावरून घसरलो," म्हणाले. आमचा जिना पाच पायऱ्यांचा आहे. मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं आणि काही विचारलं नाही. न विचारण्याचंही एक वळण पडतं, लग्नाला इतकी वर्षं झाली की.

दुसऱ्या सकाळी दादा नेहमीपेक्षा लवकर आला. पट्टे चाळले, एक हातात घेऊन मागेपुढे करून पाहिला आणि मोकळं हसला. मला बरं वाटलं. दादा तसा हसत नाही. आणि त्या दिवसापासून हे खिडकीशी येऊन म्हणू लागले, "सतरा दे."

"रोज सतराच का? बाकीचे चावतात का काय?"

"सतरा अंगाला बसलाय. दुसरा घातला की सासरी पाहुणा गेल्यासारखं वाटतं, हात कुठं ठेवावे कळत नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "ताई, मलापण असा एक अंगाला बसलेला द्या, पोट सोडून!" हे मागे न बघताच म्हणायचे, "तुझं पोट बसेल रे, थापा कुठल्या पट्ट्यात बसवायच्या?"

आज दहाच्या सुमाराला तपासनीस आला. दर सहा महिन्यांनी येतो म्हणे. माझ्या वेळची ही पहिली खेप. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, चष्मा कपाळावर, हातात भिंग. नियमाला अपवाद फक्त त्याचा, म्हणून मी कडी काढून त्याला आत घेतलं आणि परत लावली. चौदा पट्टे वर गेलेले होते, बावीस खुंट्यांवर. त्यानं ओळीनं पाहायला सुरुवात केली.

"बाई, तुमच्या ह्या खुंट्या बघून मला आमच्या घरच्या कपाटाची लाज वाटायला लागली," तो म्हणाला. "तिथं मोजे शोधायला मलाच दोरी बांधून आत सोडतात."

मी हसले. त्यानं पाच नंबरचा पट्टा उलटा केला आणि खांद्यावरच्या घडीवर बोट ठेवलं.

"ही कशासाठी असते, सांगा बघू."

"पट्टी लांब झाली म्हणून दुमडली असेल," मी म्हणाले. "टाके मात्र कच्चे घातलेत."

"शिवणाऱ्या बाईचं उत्तर!" तो खूश झाला. "कच्चे मुद्दाम असतात. माणूस पडला आणि पट्ट्यानं त्याला धरलं, की त्या झटक्यानं हे टाके तुटतात, घडी उघडते आणि आतलं लाल लेबल बाहेर येतं. मग पट्टा वरून कितीही नवा दिसो, तो बाद. आतले तंतू ताणले गेलेले असतात, ते भिंगालासुद्धा दिसत नाहीत. एकदा पडणं झेललेला पट्टा दुसऱ्यांदा झेलेल का? कदाचित झेलेल. पण कदाचितच्या भरवशावर मी कुणाला शिडी चढू देत नाही. माणूस लपवतो हो. घडी लपवत नाही."

"बरं," मी म्हणाले. माझा आवाज तसाही बारीक असतो, त्यामुळे त्याला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. तो कड्यांकडे वळला.

मी पहिल्या खुंटीपाशी गेले. मेण लावलेला दोरा नखाला किंचित चिकटतो. कारखान्याचा दोरा गुळगुळीत लागतो. तपासनीस एका टोकानं कड्या बघत येत होता, मी दुसऱ्या टोकानं घड्यांवरून नख ओढत गेले. पहिला गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. प्रत्येक पट्ट्याला मी मनात म्हणत होते, तूच अस बाबा, तूच अस. इथं, खुंटीवर, माझ्यासमोर अस. दहावा. पंधरावा. सतरा नंबरच्या खुंटीवर तर पट्टाच नव्हता, मी पुढं सरकले. बाविसावाही गुळगुळीत निघाला.

म्हणजे तो वर होता. कुणाच्या तरी अंगात. चौदा जणांपैकी कुणाच्या, ते मला सांगता येत नव्हतं, कारण मी ते पुण्य म्हणून विसरले होते.

मी खिडकीशी आले. दादा अंगणात वॉकीटॉकीवर कुणालातरी दम भरत होता. मी हात हलवला तसा आला.

"काय गं चिमणे, काय म्हणतोय पाहुणा? चहा पाजलास का?"

"दादा, हळू बोल. मी एका पट्ट्याची घडी शिवली."

"कसली घडी?"

"खांद्याची. उघडली होती. लाल लेबल बाहेर आलं होतं, मी आत घालून शिवून टाकलं. मला ठाऊक नव्हतं रे."

त्याला क्षणभर समजलंच नाही. मग त्यानं जाळीत बोटं अडकवली. "कधी?"

"तीन आठवडे झाले. तू त्या सकाळी लवकर आला होतास ना, हसला होतास, त्याच्या आदल्या संध्याकाळी."

मी त्याला लहानपणापासून पाहत आले आहे. वडील गेले त्या दिवशीही त्याचा चेहरा इतका पांढरा झाला नव्हता.

"सतरा," तो म्हणाला.

"काय सतरा?"

"दाजी पडले होते त्या दिवशी. शिडीवरून रंगकामाच्या तिसऱ्या फळीकडे जाताना. हातभरच पडले, हुकानं धरलं, मी आणि दुसऱ्यानं मिळून ओढून घेतलं. मला म्हणाले, दादा, लिहू नका. पडल्याची नोंद झाली की तीन महिने खाली बसवतात, आणि खाली मी काय करू, मनोऱ्याला टेकू देऊ? मी म्हटलं, ठीक, घडी बघू. उघडली असली तर लिहीन, नसली तर नाही. झटक्यानं दोरीवरचं, झटका शोषणारं पाकीट थोडं फाटलं होतं, ती दोरी मी फेकून दिली. संध्याकाळी इतक्या जणांसमोर पट्टा उलटापालटा करायची सोय नव्हती, म्हणून सकाळी आलो. तर घडी शाबूत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी देवाचे आभार मानले गं."

"मला घडीचं सांगितलं नव्हतंस."

"राहून गेलं. तू जन्मभर टाक्यात वाढलेली. म्हटलं, हिला काय टाक्यांचं शिकवायचं."

मी रजिस्टरकडे पाहिलं. सतरा, आणि पुढं ह्यांची सही, सकाळच्या घाईतली, वाकडी. गेले अठरा कामाचे दिवस तो पट्टा मी स्वतःच्या हातानं खिडकीतून देत होते. आणि हे त्याच्यावरच विश्वास टाकून होते, कारण एकदा त्यानं त्यांना धरलं होतं. ज्यानं वाचवलं त्याला कोण सोडतं?

"ऐक," दादा अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "तू गप्प राहायचं. मी त्यांना खाली बोलावतो. सतरा कापून टाकू, रंगाचं पातळ द्रव्य सांडलं म्हणून लिहू. ह्या माणसाला कळलं तर तुझं, माझं, दाजींचं, तिघांचं इथलं एका दिवसात आटपेल. कळलं?"

मी काही बोलले नाही, आणि तो ते होकार समजला. माझ्या गप्प बसण्याला सगळे होकारच समजत आले आहेत.

त्यानं वॉकी तोंडाशी नेला. "दाजी, जरा खाली या."

"कशाला?" ह्यांचा आवाज वाऱ्यासकट आला.

"काम आहे."

"मग काम वर पाठवा. अर्धी पट्टी राहिलीय, रंग वाळला तर जोड दिसेल. जेवायला येतोच की."

मध्येच तिसऱ्याच कुणाचा तरी आवाज, "मुकादम, दाजींना खाली आणायचं तर डब्याचं झाकण वाजवा!" आणि हसणं.

"आत्ता या म्हणतो ना!"

"बरं बाबा, आलो. ओरडू नका, दचकून पडेन."

दादानं डोळे मिटले. मला तेव्हा लक्षात आलं की आम्ही काय केलं. फळीवर बसून रंग देणारा माणूस त्यातल्या त्यात बरा होता. आता तो शिडीवर आला होता. चाळीस मीटर शिडी, पायरीपायरीला हुक सोड, हुक लाव, आणि पाठीवर माझा टाका. आमचं लपवणं झाकण्यासाठी आम्ही त्यांना त्याच वाटेला लावलं होतं जिथं ते एकदा निसटले होते.

अंगणातल्या सावलीच्या कडेची एक गाठ सरकू लागली.

"झालं बघा," तपासनीस मागून म्हणाला. त्यानं फळीवर एक छापील कागद ठेवला आणि पेन काढून दिलं. "बावीस पट्टे उत्तम. वरचे चौदा जेवणाच्या सुट्टीत बघतो. तुम्ही तेवढी इथं सही करा."

मी वाचलं. मला हळू वाचता येतं, पण येतं. *माझ्या ताब्यातील कोणत्याही पट्ट्याची जागेवर दुरुस्ती करण्यात आलेली नाही.* खाली रेघ.

जाळीच्या पलीकडं दादा. तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होता. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, पण दोन्हींच्या मध्ये उभं राहायला निदान जमीन असते. माझ्या तीन बाजूंना जाळी होती, चौथीला भिंत, आणि कडी मी माझ्या हातानं आतून लावलेली. सही केली असती तर कदाचित काही झालंही नसतं. ह्यांनी ती शिडी हजारदा उतरली आहे. दहा मिनिटांत खाली आले असते, पट्टा कापला असता, आणि आम्ही तिघं परत एकमेकांना काही न विचारता घरी गेलो असतो.

कदाचित.

"साहेब, एक विचारू?" मी म्हणाले. "घडी उघडलेली असताना कुणी ती परत शिवून टाकली, आणि तो पट्टा घालून माणूस शिडीनं उतरतोय. तर त्याला येऊ द्यायचं का थांबवायचं?"

त्यानं कपाळावरचा चष्मा सावकाश डोळ्यांवर घेतला.

"कुठं आहे तो?"

"शिडीवर."

"थांबवा," तो म्हणाला. "आत्ता."

दादा हलला नाही. वॉकी त्याच्या हातात होता आणि अंगठा बटणावर होता, पण अंगठ्याला जणू काही सांगितलंच नव्हतं. मी खिडकीतून हात काढला आणि वॉकी त्याच्या मुठीतून घेतला. त्यानं दिला. नुसता दिला नाही, सोडला.

"अहो," मी म्हणाले.

त्या वॉकीवर बाईचा आवाज कधी आला नव्हता.

"अहो, मी बोलतेय. जिथं आहात तिथंच थांबा. दोन्ही हुक लावा."

"काय झालं? घरी काही?"

"घरी ठीक आहे. हुक लावलेत का दोन्ही?"

"लावले. अगं पण झालं काय?"

"सतरा नंबरची घडी मी शिवलीय. तुम्ही पडलात त्या दिवशी ती उघडली होती. मला माहीत नव्हतं. मी शिवून टाकली."

वारा ऐकू येत होता नुसता. मग अगदी हळू, "सगळे ऐकतायत गं."

"ऐकू देत."

तपासनिसानं वॉकी मागितला. त्याचा आवाज आता विनोदी नव्हता, पण चढलेलाही नव्हता. "तुमच्या जवळची फळी वर आहे का खाली? वर? किती पायऱ्या? चार. मग चार पायऱ्या वर जा. घाई नाही. एक हुक काढलात की दुसरा लागलेला असलाच पाहिजे. फळीवर बसा, पाठ मनोऱ्याला लावा आणि काही करू नका. दुसरा पट्टा वर येतोय. बाकी सगळ्यांनी आहे तिथं काम थांबवायचं."

गाठ वर सरकली. एक. थांबली. दोन. मी मोजत होते आणि जप करत होते, कुठला आकडा कशाचा ते मला आता सांगता येणार नाही. चार झाल्यावर ती पसरट झाली, म्हणजे बसले.

मी खुंटीवरचा नऊ नंबर काढला, ह्यांच्या मापाचा. पुन्हा एकदा बोटं फिरवली, घडीवरून नख ओढलं. मग कडी काढली. पट्टे बाहेर असताना दार उघडण्याची ती पहिलीच वेळ.

"कोण जाणार?" तपासनिसानं विचारलं.

"मी," दादा म्हणाला.

"मुकादम, शेवटचं कधी चढलात?"

"सहा वर्षं झाली."

"मग दुसरा कुणीतरी..."

"लिहायचं मी टाळलं होतं. मीच जातो."

तपासनिसानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि दोन गोष्टी विचारल्या, चक्कर येते का आणि हुकांची पद्धत काय. दादानं दोन्हींची उत्तरं शाळेतल्यासारखी दिली. मी त्याला बावीस नंबर चढवला. छातीचं बकल लावलं, मांडीच्या पट्ट्यात हात घालून पाहिला. सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये. "सैल आहे," म्हणून ओढला. लहानपणी हा माझ्या बुटांच्या नाड्या बांधायचा. त्यानं नऊ नंबर खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चिमणे, तोंड उघडायला चांगला मुहूर्त शोधलास."

तो गेला. मला दारात उभं राहता आलं असतं, वर बघता आलं असतं. मी परत खिडकीशी जाऊन बसले. मान वर करण्याचं धाडस होत नव्हतं.

ऊन चढत होतं आणि सावली आखूड होत होती. सावलीची कड स्टोअरपासून लांब सरकत चालली तशा गाठीही बारीक होत गेल्या. एक बसलेली, एक तिच्याकडं जाणारी, थांबत थांबत. दादा प्रत्येक फळीला विसावत असावा. तपासनीस माझ्याशेजारी स्टूल ओढून बसला. वॉकी त्याच्या मांडीवर.

"नंबर का नाही लिहिलात बाई? निदान आठवला तरी असता."

मी त्याला व्रताचं सांगितलं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं, हसला नाही.

"चांगलं काम विसरावं," तो म्हणाला. "मला वाटतं खरंच विसरावं. पण पट्ट्याचं काम लिहावं."

वॉकी खरखरला. दादाचा धापा टाकणारा आवाज, "पोचलो."

"नवा पट्टा जुन्यावरूनच घाला. जुना काढायचा नाही. बकलं मुकादमांनी तपासायची. नव्याचे दोन्ही हुक लागले की मला सांगा, मग जुन्याचे सोडा. जुना अंगातच राहू दे, खाली येऊन काढू."

बराच वेळ काही आलं नाही. सावलीतल्या दोन गाठी एक झाल्या होत्या. मला त्यातले हात कुणाचे, खांदे कुणाचे काही कळत नव्हतं. फळी दाराएवढी. त्या दारावर माझं माहेर आणि सासर दोन्ही उभं होतं.

"लागले," दादा म्हणाला. मग ह्यांचा आवाज, "दोन पट्ट्यांत मी गाठोड्यासारखा दिसतोय. कुणी हसायचं नाही." कुणीच हसलं नाही.

उतरायला पाऊण तास लागला. तोवर सूर्य डोक्यावर आला आणि सावली मनोऱ्याच्या पायाशी गोळा होऊन गेली. शेवटचा बराच वेळ मला काहीच दिसत नव्हतं. फक्त हुकांचा आवाज, लोखंडावर लोखंड, एक, मग दुसरा. जाळीच्या वरच्या पट्टीखालून आधी दादाचे बूट आले, मग ह्यांचे. जमिनीला टेकल्यावरही ह्यांनी शेवटचा हुक सोडला नाही. तपासनिसानं जाऊन सोडवला.

वरचे बाकीचे तेराजणही एकेक करून उतरले. पट्टे फळीवर ठेवून सावलीला जाऊन बसले.

सतरा नंबर टेबलावर आला. हे समोर उभे होते, दोन्ही हातांनी मांड्या धरून.

"पाच पायऱ्यांचा जिना," मी म्हणाले.

"तुला काळजी नको म्हणून," ते म्हणाले.

मीही कुणाला कळू नये म्हणूनच शिवलं होतं.

तपासनिसानं मला घडी उसवायला सांगितली. मी डब्यातून टाके उसवायचं अवजार काढलं. माझेच टाके, पण सुटेनात. मेणानं धरून ठेवले होते, प्रत्येक टाका वेगळा कापावा लागला. एका खऱ्या पडण्यानं जे क्षणात उघडलं होतं ते उघडायला मला मूळ शिवायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. लाल लेबल बाहेर आलं.

"काय लिहिलंय त्यावर?"

त्यानं वाचलं. "हा पट्टा एका पडण्यातून गेला आहे. वापरू नका."

मग त्यानं मोठी कात्री घेऊन पट्टा आडवा कापला, खांद्यात एकदा, मांडीत एकदा, आणि तुकडे लाल खुंटीला लावले. रजिस्टर उघडून सतरा नंबरचं पान काढलं. "कोण पडलं होतं?"

"मी," हे म्हणाले, आणि लिहिलं.

"मी नोंद केली नाही," दादानं त्याखाली लिहिलं.

मी लिहिलं, *मी शिवला.* तारीखही लिहिली. आता ती तिघांकडून मिळून नक्की करता आली.

तो छापील कागद तपासनिसानं सहीशिवायच घडी करून बॅगेत ठेवला. कचेरीला फोन करायला तो बाहेर गेला. जाताना म्हणाला, कचेरीतून काय ते कळेपर्यंत तुम्ही तिघांनी इथंच थांबायचं, पट्ट्यांना आता माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि त्यानं बाहेरून कडी लावली. वाईट वाटून लावली, तरी लावली.

दादा भिंतीला टेकून खाली बसला. काहीतरी पुटपुटला, बहुतेक उद्या घरी काय सांगायचं ते. हे उभेच होते. बसायला स्टूल होतं तरी उभे. पाय किंचित लटपटत होते आणि ते ती लटपट माझ्यापासून लपवायला खुंट्यांकडं तोंड करून उभे होते.

मी एरवी स्टूल गुपचूप त्यांच्यामागं सरकवून दिलं असतं.

"अहो," मी म्हणाले, "दुखतंय का?"

ते वळले नाहीत. दादानं मान वर केली. बाहेर कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं.

"हो," ते म्हणाले. "फार."